‘येतो’ म्हणून गेलेली माणसं : थेरपी मध्येच सोडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. कोल्हापुरात तर बायकाही ‘येतो’च म्हणतात. त्यामुळं सेशन संपल्यावर चपला घालताना कुणी ‘येतो मॅडम’ म्हटलं, की हा माणूस पुढच्या मंगळवारी यायचा आहे की कायमचा निघालाय, ते मला इतक्या वर्षांनंतरही ओळखता येत नाही. मी बोलण्यातून मानसोपचार करणारी थेरपिस्ट. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत आलेल्यांपैकी बरेच जण असे ‘येतो’ म्हणून गेलेले आहेत.

खालचे प्रश्न त्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि अजून आत पाऊल न टाकलेल्यांनी विचारलेले आहेत. काही फोनवर, काही रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. उदाहरणांतले तपशील बदलले आहेत, दोन-तीन माणसांचं मिळून एक केलं आहे. आपल्या पेठेतलं कोण, असं शोधत बसू नका.

‘मध्येच सोडणं’ नेमकं कशाला म्हणायचं?

ज्या त्रासासाठी आलात तो पुरेसा कमी व्हायच्या आत, थेरपिस्टशी न बोलता येणं बंद केलं, तर त्याला. घरात लग्न निघालं, दिवाळीत दोन आठवडे गेले, पंचगंगेला पूर आला आणि रस्ता बंद झाला, हा नुसता खंड. खंड पडला म्हणून थेरपी सुटली असं नाही. मात्र खंड पडल्यावर ‘आता कुठल्या तोंडानं जायचं’ असं वाटतं आणि सुटते ती तिथं.

असे किती लोक सोडतात? की मीच एकटा?

एकटे नाही. १९९३ साली अमेरिकेत १२५ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के लोक मध्येच सोडतात असा आकडा आला. २०१२ साली ६६९ अभ्यास, म्हणजे सुमारे ८४ हजार माणसं धरून पुन्हा मोजलं, तेव्हा तो २० टक्क्यांच्या आसपास निघाला. लगेच निम्म्याहून जास्त सुधारणा झाली असं समजू नका. ‘सोडणं’ कशाला म्हणायचं, यावरच आकडा वरखाली होतो. कुणी ठरलेली सेशन्स मोजतं, कुणी थेरपिस्टचं मत धरतं, आणि थेरपिस्टच्या मते नेहमीच पेशंट जरा लवकर गेलेला असतो!

२०१२ च्या त्याच हिशेबात दोन गोष्टी ठळक दिसतात. तरुण माणसं जास्त सोडतात. आणि शिकाऊ थेरपिस्टकडची माणसं जास्त सोडतात. दुसरी गोष्ट वाचताना मला माझी पहिली दोन वर्षं आठवतात आणि तेव्हाच्या पेशंटांची माफी मागावीशी वाटते.

बहुतेक कधी सोडतात?

पहिल्या दोन-तीन भेटींत. बरेच जण पहिल्या भेटीनंतरच.

‘नुसतं बोलून काय होणार?’ असं मिस्टर म्हणतात. त्यांना काय सांगू?

त्यांचं म्हणणं सरळ आहे. आपण दवाखान्यात जातो तेव्हा डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात, आणि गावाकडचे म्हातारे तर सुईशिवाय उठतच नाहीत. इथं उलटं आहे. पाऊण तास बसायचं, बोलायचं आपणच, पैसेही आपणच द्यायचे आणि हातात काही न घेता बाहेर पडायचं. वर ‘मी काय करू सांगा’ म्हटलं तर मॅडम विचारणार, ‘तुम्हाला काय वाटतं?’ मीसुद्धा चिडले असते.

सोडणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचं गणित इथंच फसतं. ते सल्ला घ्यायला आलेले असतात आणि आम्ही त्यांना काम देतो. नुसतं बोलणं हा शब्दही बरोबर नाही. नैराश्यात अंथरुणातून उठवत नाही, तेव्हा दिवसाला एकच छोटं काम ठरवणं, ते केल्यावर मन किती हलकं झालं ते पट्टीवर मोजणं, ‘मी कुणाच्या कामाचा नाही’ हा विचार कागदावर उतरवून त्याचा पुरावा तपासणं, असं ते चालतं. विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडले. त्यांतही सेशनबाहेरच्या गृहपाठाला मोठं स्थान आहे. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. किती भेटी लागतील, मध्ये काय करावं लागेल, कशावरून ओळखायचं की फरक पडतोय. जे थेरपिस्ट हे सांगत नाहीत त्यांच्याकडचे लोक गळतात, आणि त्यात चूक लोकांची नसते.

मिस्टरांना एकदा पहिल्या दहा मिनिटांपुरते सोबत आणा. त्यांना समजावण्याचं काम तुमच्या अंगावर नको.

सेशनहून घरी आल्यावर जास्तच त्रास होतो. हे चुकतंय का?

या प्रश्नाला मला जरा वेळ द्यायचा आहे, कारण न सांगता निघून गेलेल्यांचं हे सगळ्यांत मोठं न सांगितलेलं कारण असावं असा माझा कयास आहे.

स्वच्छतेच्या मंत्रचळाचं (ओसीडीचं) उदाहरण घ्या. एक ताई नळाला हात लागला की वीस मिनिटं हात धुवायच्या. यावर जो उपचार सर्वांत चांगला चालतो त्यात नळाला मुद्दाम हात लावायचा आणि धुवायचं नाही. बसून राहायचं. आधी छाती धडधडते, घाम येतो, वाटतं आता मरणार. मग न धुताही ती भीती आपोआप उतरायला लागते. मेंदूला कळतं की धुतलं नाही तरी काही होत नाही. आता यात पहिले दोन-तीन आठवडे त्रास वाढणार, हे ठरलेलंच आहे. आणि कुणी नेमकं भीती चढलेली असताना उठून गेलं, तर मेंदू भलताच धडा शिकतो. पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी.

दुःखाचंही तसंच. वर्षभर दाबून ठेवलेलं एखादं मरण पहिल्यांदा तोंडातून बाहेर येतं तेव्हा दोन दिवस जेवण जात नाही.

तालमीत नवीन पोरगा घातला की पहिल्या आठवड्यात त्याचं अंग असं दुखतं की जिना उतरता येत नाही. पण वस्ताद आदल्या दिवशीच सांगतो, ‘उद्या दुखणार बघ.’ म्हणून पोरगा दुसऱ्या दिवशी येतो. न सांगता दुखलं असतं तर आईनं त्याला पाठवलंच नसतं. आमच्याकडं वस्तादाचं हे एक वाक्य पुष्कळदा राहून जातं.

तरी सगळाच त्रास ‘चांगला’ असं मी म्हणणार नाही. सेशननंतरची जडता दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर ठीक. आठवडाभर झोप लागत नाही, कामावर जाता येत नाही, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, असं असेल तर पुढच्या मंगळवारची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. वेग कमी करता येतो. काही विषय महिनाभर बाजूला ठेवता येतात. त्या ताईंनी चौथ्या आठवड्यात फोन करून ‘मला हे झेपत नाही’ म्हटलं, म्हणून आम्ही नळ सोडून आधी दाराच्या कडीपासून सुरुवात केली. न कळवता गेल्या असत्या तर मला कारण कधीच कळलं नसतं.

दोन-तीन भेटींतच बरं वाटलं. तरी यायचं का?

कदाचित नाही.

हे उत्तर ऐकून लोकांना धक्का बसतो. पण सोडून गेलेला प्रत्येक जण बिघडलेलाच असतो, हा आमच्या धंद्याचा एक गैरसमज आहे. १९८६ सालच्या एका गाजलेल्या विश्लेषणात आठ सेशनपर्यंत निम्म्या पेशंटांना आणि सव्वीसपर्यंत पाऊणशे टक्क्यांना फरक जाणवला होता. म्हणजे कुणाला चार पुरतात, कुणाला तीस. चार पुरलेल्यानं बारा पूर्ण करावीत असा काही उपास नाही.

फक्त एक तपासा : त्रासाचं कारण जागेवर आहे आणि नुसता मोकळं झाल्याचा हलकेपणा आहे, की रोजच्या वागण्यात काही बदललंय? पहिल्या भेटीनंतरचा हलकेपणा खरा असतो, पण तो वळिवाच्या पावसासारखा. एक शेवटचं सेशन घेऊन पुन्हा त्रास झाला तर कशावरून ओळखायचं आणि काय करायचं, ते लिहून न्या.

आजारामुळंच थेरपी सुटते, असं असतं का?

असतं, आणि घरच्यांना हे कळत नाही. नैराश्याचं मुख्य लक्षणच ‘काही उपयोग नाही’ असं वाटणं. तोच माणूस थेरपीबद्दल दुसरं काय म्हणणार? ज्याला चारचौघांची भीती वाटते त्याला आमच्या बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं बसणं हीच परीक्षा. दारू सोडायला आलेला माणूस एका लग्नात घेतो आणि मग लाजेनं तोंड दाखवत नाही, म्हणजे जेव्हा यायची सर्वांत गरज तेव्हाच येत नाही.

म्हणून सोडावंसं वाटलं की आधी इतकंच विचारा : हे मला वाटतंय, की माझ्या आजाराला?

थेरपिस्ट पटला नाही तर?

बदला. पण आधी एकदा सांगून बघा.

सोडण्याची ही गोष्ट थेरपीइतकीच जुनी आहे. १९०० साली व्हिएन्नात अठरा वर्षांची एक मुलगी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याकडं येत होती. त्यानं तिला ‘डोरा’ हे टोपणनाव दिलं. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, तिनं आल्या आल्या सांगितलं की आजचा दिवस शेवटचा. कधी ठरवलंस विचारलं तर म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वी. फ्रॉइडचं त्यावरचं उत्तर काही शहाणपणाचं नव्हतं. पंधरा दिवसांची नोटीस तर मोलकरीण देते, म्हणाला. पुढं त्यानंच लिहून ठेवलं की तिच्या मनात माझ्याबद्दल काय चाललंय ते मला वेळेत दिसलं नाही. सव्वाशे वर्षं झाली, आमची चूक अजून तीच आहे. फरक इतकाच की डोरानं निदान तोंडावर सांगितलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली पेशंट आणि थेरपिस्टच्या नात्याचे तीन धागे सांगितले : कुठं पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपुलकी. आपण ‘मॅडम चांगल्या आहेत’ म्हणून तिसऱ्यावरच थांबतो. मॅडम चांगल्या असून पहिले दोन तुटलेले असू शकतात. तुम्हाला नोकरीतला ताण कमी करायचाय आणि मॅडम तुमच्या लहानपणात शिरल्यात, असं.

माझंच सांगते. कागल एमआयडीसीतला एक तरुण पाच भेटींनंतर थांबला. सहा महिन्यांनी परत आला तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही घड्याळाकडं बघत होता.’ मी बघत होते. माझ्या मुलीची शाळा सुटायची वेळ होती. त्याच्या घरी त्याचं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, आणि मीही त्याला तेच दाखवलं. आता घड्याळ पेशंटच्या मागच्या भिंतीवर आहे, मला मान न वळवता दिसतं. पण असल्या गोष्टी भिंतीवरच्या घड्याळानं सुटत नाहीत, बोलण्यानं सुटतात. ‘मागच्या वेळी तुम्ही असं म्हणालात ते मला लागलं,’ हे वाक्य ज्या थेरपिस्टला ऐकून घेता येत नाही, त्याच्याकडून खुशाल उठून जा.

आणि हो, पाटी वाचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. गोळ्या मात्र डॉक्टरच देऊ शकतात, सायकॉलॉजिस्ट नाही.

कुणी बघितलं तर? आमच्या घरी ‘खुळ्याचा डॉक्टर’ म्हणतात.

कोल्हापूर मोठं झालं तरी पाहुण्यांच्या बाबतीत गावच आहे. गल्लीच्या तोंडाला लावलेली गाडी ओळखणारा कुणीतरी निघतोच. माझ्याकडच्या एक काकू गाडी लांब लावून ‘ब्लाउज टाकायला आलोय’ असं सांगत यायच्या. शेवटी शिंपी कोण, असं जावेनं विचारलं आणि काकूंचं येणं बंद झालं. (माझ्या पाहण्यातलं थेरपी सुटण्याचं सर्वांत कोल्हापुरी कारण.) दुसऱ्या एकाला भीती होती की नाव रजिस्टरात गेलं की थेट रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पाठवतात. तसं काही नसतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाणं हा त्यात तुमचा हक्क आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत, ते पहिल्या भेटीत विचारून घ्या. वेळ बदलून मागा. दुपारी दोन ते चार आमच्याकडं शहर झोपलेलं असतं.

येणं-जाणं, फी, कामाच्या वेळा जमत नाहीत. यावर काय?

हे मनाचं कारण नाही, म्हणून थेरपिस्ट लोक त्याला हलकं समजतात. ते हलकं नाही. चंदगडहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, त्यापेक्षा त्यांना बेळगाव जवळ. पाऊण तास बोलायला सगळा दिवस आणि एक रजा जाते. इचलकरंजीत यंत्रमागावर पाळी आठवड्यानं बदलते, तिथं ‘दर मंगळवारी चार वाजता’ हे चालायचं कसं? आणि कारखाने सुरू झाले की उसाची तोड कधी येईल सांगता येत नाही. टोळी फडात शिरलेली असताना शेतकरी मन मोकळं करायला येणार नाही, आणि येऊही नये.

जमेल ते असं : पहिल्या तीन-चार भेटी तरी जवळजवळ घ्या, मग पंधरा दिवसांवर न्या. हंगामात फोनवर. फोनवर बोलायचं तर घरात एकांत नसतो हे खरं. माझ्याशी लोक बांधावरून, उभ्या गाडीतून, एकजण तर गोठ्यातून बोलतो. मध्ये म्हैस हंबरते, चालतं. फी जड जात असेल तर तसं म्हणा. फीबद्दल बोलायला लाजून सोडलेली माणसं मला नंतर रंकाळ्यावर भेटली आहेत आणि दोघांनाही अवघडल्यासारखं झालंय. खासगी परवडतच नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. गर्दी असते, बोलायला वेळ कमी मिळतो, पण उपचार मिळतात.

देवाचं करतोय. दोन्ही चालतं का?

चालतं. अंबाबाईला जाऊन या, जोतिबाला खेटे घाला. फक्त कुणी अंगारा देऊन ‘गोळ्या बंद करा’ म्हणालं, तर तिथं परत जाऊ नका.

थेरपी सोडली, तर गोळ्याही बंद करू का?

नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या एकदम तोडल्या तर चक्कर, मळमळ, अस्वस्थपणा येऊ शकतो. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या.

मुलगा दोनदा गेला, आता नाही म्हणतो. ओढून न्यावं का?

आधी एक आठवा : परत येताना गाडीवर तुम्ही त्याला काय विचारलंत? ‘काय विचारलं मॅडमनी? आमच्याबद्दल काय सांगितलंस?’ असं असेल तर तो पुन्हा का जाईल? त्याला त्याच्या तोंडाचा हिशेब द्यावा लागतोय. पुढच्या वेळी त्याला आणायला जा, वाटेत मिसळ खा, आणि विषय काढू नका. तरी नाही म्हणाला तर तुम्ही या. घरात कसं वागायचं यावर आई-बापाबरोबर केलेलं कामही वाया जात नाही.

मात्र तो मरणाचं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर ‘त्याची इच्छा’ म्हणून थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा फुकट नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. तातडीचं असेल तर ११२, किंवा सरळ सीपीआरचा अपघात विभाग.

थांबायचंच आहे. कसं सांगू? वाईट वाटेल ना त्यांना.

वाटलं तर वाटू दे, त्याची फी घेतो आम्ही. तोंडावर जमत नसेल तर मेसेज करा. यातलं एखादं उचला :

‘मॅडम, सध्या थांबतोय. कारण आत्ता सांगता येत नाही.’
‘मागच्या सेशननंतर त्रास झाला. पुढं यायची भीती वाटते.’
‘पैशाचं जमत नाही.’
‘तुमची पद्धत मला लागू पडत नाही असं वाटतं. दुसरं कुणी सुचवाल का?’

चौथ्या मेसेजला मी आजवर दोनदा नाव आणि नंबर पाठवलाय. दोघंही तिकडं टिकले. जरा लागलं, पण टिकले.

वर्षभरापूर्वी न सांगता सोडलं होतं. परत आलो तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल का?

नाही. फाइल कपाटात आहे. ‘मॅडम, मी तो मागच्या वर्षीचा’ एवढं पुरतं. का गेला होता ते मी विचारीन, रागानं नाही, नोंद करायला. सांगायचं नसलं तर तेही चालेल. मंगळवारी चारची वेळ गेलीय, गुरुवारी सव्वापाच आहे.